कोळशाची रेघ

बार्रिएंतोस पहाटेच आला,
गोल करवतीचं पातं गोणपाटात गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसं.
म्हणाला, ओफेलिया, एकदाच अजून.

मी आधी दिव्याखाली धरते.
धारदार दात दिसत नाही,
त्याच्या टोकावर उजेडाला टेकायला जागाच नसते.
बोथट दातावर पांढरी रेघ उमटते, केसाएवढी.
या पात्याला चव्वेचाळीस दात
आणि चव्वेचाळीस रेघा.

ते काही नाही. कानस फिरवली की रेघ जाते.
उल्मोचे ओले ओंडके दोन तास कापले
तर कुणीही बोथट होईल.
खरी गोष्ट खाली असते, दोन दातांमधल्या घळीत.
तिच्यात बसून भुसा लाकडाबाहेर येतो.
घाईच्या हातांनी नुसती टोकं घासत राहिलं
की घळ उथळ होते, भुसा आतच अडकतो,
पातं तापतं, कडेला निळं पडतं,
आणि फळी निघते
एका टोकाला दोन बोटं, दुसऱ्या टोकाला तीन.

बार्रिएंतोसच्या फळ्या मी चर्चच्या आवारात पाहिल्यात.
बोलले नव्हते.

माझे सासरे एलेउतेरिओ पातं खिळ्याला टांगून
लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचे.
चांगलं पातं बराच वेळ गुणगुणतं,
तडकलेलं एकदाच बोलतं आणि गप्प होतं.
कान गेले तेव्हा ते दातांत काडी धरून
तिचं दुसरं टोक पोलादाला टेकवत.
तोंडात दात तीनच होते.
त्या तिघांना सगळं ऐकू यायचं.

मी ठोकलं.
गुणगुणलं, पण सर्दी झाल्यासारखं.

मग भिंतीपाशी नेलं.
नवं पातं बेटावर आलं, की त्याच दिवशी सासरे
ते भिंतीला लावून कोळशाने कड आखून घेत,
खाली महिना, गिरणीवाल्याचं नाव.
अकरा वर्तुळं आहेत, एकात एक अडकलेली,
पावसाच्या ओलीने दोन पुसट झालीत.
बार्रिएंतोसचं खिडकीलगत.
पातं मधोमध धरलं.
रेघ आणि दात यांच्यात माझा अंगठा आडवा मावला.
अंगठा मावला की संपलं, एवढंच सासरे म्हणायचे.

तो म्हणाला, तुझा अंगठा बारीक आहे.

मग त्याने दातांच्या कण्या केल्या.
भावाची होडी अर्धी उभी आहे,
नवं पातं म्हणजे पुएर्तो मोन्तची फेरी
आणि एका गाईचे पैसे,
आणि ती गाय गाभण आहे.
मी चहाचं भांडं चुलीवरून उतरवत राहिले.

एकदा मी ऐकलं होतं.
रुपेर्तो कार्कामोला एकदाच अजून लावून दिली होती धार.
तिसऱ्या दिवशी एक दात सुटला
आणि गिरणीचा पत्रा फोडून गेला.
रुपेर्तोचा मुलगा तेव्हाच
बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता.
कुणाला काही झालं नाही.
पत्र्याचं ते भोक अजून कुणी बुजवलेलं नाही.
पाऊस आला की त्याच्याखाली
मुलगा उभा असायचा तिथे, थेंब पडतात.

नाही, मी म्हणाले.

बार्रिएंतोसने मला शिवी दिली, मग चहा घेतला.
जाताना दारातून म्हणाला, राहू दे इथेच.
सुऱ्या करून घे. शिंपले उघडायला बऱ्या पडतील.
गोणपाट मात्र तो घेऊन गेला.

रात्री पातं मांडीवर घेतलं,
आणि कारण विचारू नका, कानस उचलली.
एकच दात. वरून तीन हात, पुढून दोन.
दिव्याखाली धरलं.
त्रेचाळीस रेघा पांढऱ्या,
आणि एका ठिकाणी काहीच नाही.

मग ते त्याच्या वर्तुळात टांगलं,
अंगठाभर रिकामं ठेवून.